'मेनेसिंग'ला मराठीत काय म्हणाल? (धोक्याच्या इंग्रजी शब्दांविषयी)

कोरा कागद

नमस्कार मंडळी,

गेली बारा वर्षं मी इंग्रजी रहस्यकथांचा मराठी अनुवाद करते, हल्ली बहुतेक ऑडिओसाठी. परवा एका वाक्यापाशी अडले, ती अजून तिथंच आहे.

प्रसंग असा. इंग्लंडमधलं खेडं, एकटी राहणारी विधवा बाई. एक माणूस जमिनीचं बोलायला येतो. आवाज चढवत नाही, धमकी देत नाही. टोपी काढून हातात घेतो, खुर्ची उचलून दाराशी ठेवतो आणि तिथं बसतो. "घाई काही नाही, मॅडम," म्हणतो. पुढच्या वाक्यात लेखक म्हणतो की त्या माणसाच्या नम्रतेत काहीतरी 'मेनेसिंग' होतं.

मी लिहिलं, "त्याच्या नम्रतेत काहीतरी भीतीदायक होतं." संपादकांनी पास केलं. रेकॉर्डिंगला पाठवण्याआधी मोठ्यानं वाचलं आणि वाक्य पार बसलेलं वाटलं. मग त्याच पुस्तकाची माझी आधीची प्रकरणं चाळली. सिनिस्टर, ऑमिनस, ईरी, मेनेसिंग, चौघांनाही मी 'भीतीदायक' करून टाकलंय. फार वाईट वाटलं, कारण हे चार शब्द एकमेकांच्या जागी चालणारे नाहीतच.

मला त्यांच्यातला फरक असा दिसतो. 'थ्रेट'ला अट असते: अमुक कर, नाहीतर बघ. 'मेनेस'ला अट लागत नाही, तो माणसाच्या नुसत्या असण्यात असतो, आणि समोरच्याला तो कळावा अशी त्या माणसाची इच्छा असते. 'सिनिस्टर' याच्या उलट. तिथं हेतू झाकलेला असतो. बघणाऱ्याला फक्त वास येतो. 'ऑमिनस'मध्ये कुणाचाच हेतू नसतो, ती पुढच्या वाईटाची खूण. म्हणून ढग ऑमिनस असतात, शांतता ऑमिनस असते, पण ढगांना सिनिस्टर म्हटलं की लेखक त्यांना मन देतोय असं समजायचं. आणि 'ईरी'त तर धोका असेलच असंही नाही. रिकाम्या शाळेत संध्याकाळी झोपाळा हलताना दिसला तर तो ईरी. काही होणार नसतं, अंगावर काटा मात्र येतो.

तुम्ही यांना काय म्हणाल? 'भयसूचक', 'अनिष्टसूचक' असे कोशातले शब्द मला माहीत आहेत, पण ते कानाला ऐकवत नाहीत. बोलीतलं सांगा.

आडवाट

ताई, धागा आवडला. मी या शब्दांच्या मुळाशी जातो, त्यातून कदाचित वाट सापडेल.

'मेनेस'च्या मुळाशी लॅटिनमधला 'पुढे झुकणं, बाहेर येणं' असा अर्थ आहे. त्याच कुळातले शब्द म्हणजे प्रॉमिनंट, एमिनंट आणि इमिनंट. 'इमिनंट' म्हणजे मुळात डोक्यावर झुकलेलं. घाटातल्या रस्त्यावर एखादी दरड पुढे आलेली असते ना, तसं. मेनेस ही त्या दरडीसारखी गोष्ट आहे. पडली नाहीये, पण तुम्ही तिच्याखाली उभे आहात.

'डेंजर' तर आणखी वेगळा. जुन्या फ्रेंचमधून आलेल्या या शब्दाचं मूळ लॅटिनमधल्या धनीपणाच्या, मालकी हक्काच्या शब्दात आहे. डेंजर म्हणजे आधी धन्याची सत्ता, तुमचं वाईट करण्याची त्याची ताकद. शेक्सपिअरच्या व्हेनिसच्या व्यापाऱ्याच्या नाटकात भर कोर्टात अँटोनिओला विचारतात की तू या सावकाराच्या 'डेंजर'मध्ये आहेस ना? म्हणजे याच्या कचाट्यात. तुमच्या कथेतल्या बाईंचंही तेच झालंय. खुर्ची दाराशी ठेवली त्या क्षणी त्या त्याच्या कचाट्यात सापडल्या.

'फिअर'चं जुन्या इंग्रजीतलं रूप मनातल्या भीतीसाठी नव्हतंच, ते अचानक कोसळणाऱ्या संकटासाठी होतं. जर्मनमध्ये धोक्याला आजही 'गेफार' म्हणतात, तो याचाच भाऊबंद. म्हणजे बाहेरची गोष्ट हळूहळू आत आली. 'ईरी'चा प्रवास उलटा. स्कॉटलंडकडच्या बोलीत ईरी म्हणजे घाबरलेला माणूस. पुढे ज्या जागेमुळे तो घाबरला ती जागाच ईरी झाली.

'सिनिस्टर' म्हणजे लॅटिनमध्ये डावा, एवढंच. आपल्या 'वाम'चं तेच झालं: डावा आणि प्रतिकूलही. 'दक्षिण' आणि लॅटिन 'डेक्स्टर' तर सख्खेच, दोघांतही 'उजवा' आणि 'निपुण' हे दोन्ही अर्थ आहेत.

खाडीकाठ

डाव्याउजव्याचं आमच्याकडे अजून जिवंत आहे. कोकणात देवाला कौल लावतात तेव्हा मूर्तीला ओल्या पाकळ्या किंवा तांदूळ चिकटवतात. उजवीकडची पाकळी आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. गोव्यात याला प्रसादपाकळी म्हणतात. गुरव गाऱ्हाणं घालत असतो आणि सगळं घर श्वास रोखून पाकळीकडे बघत असतं. रोमन लोकही पक्षी कुठल्या बाजूनं गेले ते बघायचे आणि सुरुवातीला त्यांच्यात डावी बाजू शुभ होती. ग्रीकांच्या संगतीनं ती अशुभ झाली असं वाचलंय. त्यामुळे 'सिनिस्टर'ला 'डाव्या नजरेचा' असं काही करता येईल का, हा विचार आला. पण मराठी वाचकाला तिथं तिरळेपणा दिसेल, तेव्हा नकोच.

'ऑमिनस'ला मात्र माझ्याकडे शब्द आहे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्या किनाऱ्यावर आलं. आदल्या संध्याकाळी वडील ओट्यावर उभे राहून किती तरी वेळ समुद्राकडे बघत होते. आत येऊन एवढंच म्हणाले, "चिन्हं बरी नाहीत." पुढं एक शब्द नाही. गोठ्यातल्या गुरांची दावी सैल केली आणि आईला म्हणाले, कंदिलात तेल भर. टीव्हीवर सकाळपासून वेगाचे आकडे सांगत होते, त्यानं मला काही झालं नव्हतं. 'चिन्हं बरी नाहीत' ऐकलं आणि पोटात गोळा आला.

बंदरावरच्या बावट्यांची इंग्रजी भाषाही या धाग्यात यायला हवी. हवामान खात्याचे बंदरांसाठी अकरा इशारे आहेत. पहिला दूरचा 'कॉशनरी', दुसरा दूरचा 'वॉर्निंग', तिसरा इथला 'कॉशनरी', चौथा इथला 'वॉर्निंग'. पाच ते सात 'डेंजर', आठ ते दहा 'ग्रेट डेंजर'. आमच्याकडे मच्छीमार त्यांना नंबरानंच ओळखतात. "तीन नंबरचा बावटा लागलाय" म्हटलं की होड्या वर ओढायला लागायचं. शब्दांत अर्थ किती बारकाईनं वाटून दिलाय बघा: आधी लांबचं आणि जवळचं, मग सावध राहा आणि धोका आहे. आणि अकरावा इशारा सगळ्यात विलक्षण. इशारा देणाऱ्या केंद्राशी संपर्कच तुटलाय आणि हवा बिघडणार असं बंदरावरच्या अधिकाऱ्याला वाटतंय, असा त्याचा अर्थ. दहाच्याही पुढचा धोका म्हणजे बातमी येणं थांबणं. ताई, 'ऑमिनस शांतता' मला तिथं दिसते.

तिसरी पाळी

मी रासायनिक कारखान्यात सुरक्षेचं काम बघतो. आमच्यासाठी या शब्दांतला फरक जिवावरचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

'हॅझर्ड' आणि 'रिस्क' या दोघांनाही मराठीत 'धोका' म्हणतात आणि प्रशिक्षणात पहिला गोंधळ तिथंच होतो. ॲसिडची टाकी हा हॅझर्ड. ती तिथं आहे, तिच्यात इजा करण्याची ताकद आहे, बस. रिस्क म्हणजे त्या टाकीमुळे कुणाला, किती, कितपत शक्यतेनं इजा होईल ते. टाकीला कठडा घातला की हॅझर्ड तेवढाच राहतो, रिस्क कमी होते. मी आता कामगारांना 'हॅझर्ड' म्हणजे 'घातक वस्तू' आणि 'रिस्क' म्हणजे 'जोखीम' असं सांगतो. साप घरात आहे ही घातक वस्तू, साप उशाशी आहे ही जोखीम. हे उदाहरण दिल्यावर पुन्हा समजवावं लागत नाही.

पाट्यांवरच्या शब्दांनाही पायऱ्या आहेत. अमेरिकेच्या आन्सी झेड ५३५ या मानकात लाल 'डेंजर' म्हणजे टाळलं नाहीत तर मृत्यू किंवा गंभीर इजा होणारच. नारिंगी 'वॉर्निंग' म्हणजे तेच, पण होऊ शकेल. पिवळं 'कॉशन' म्हणजे किरकोळ किंवा मध्यम इजा होऊ शकेल. आपल्याकडे या तिन्हींचं भाषांतर कुठं 'सावधान', कुठं 'धोका', जे रंगाऱ्याला सुचेल ते. विजेच्या खांबावरची कवटी आणि ओल्या फरशीवरची पाटी यांच्यावर एकच शब्द असेल, तर माणूस काही दिवसांनी दोन्हींकडे बघणं सोडतो.

एक प्रसंग सांगतो, कारखान्याचं नाव नको. ठेकेदाराकडून आलेला एक नवा मुलगा, चांगला शिकलेला. त्यानं थिनरचा ड्रम ग्राइंडरपासून दहा-बारा फुटांवर आणून ठेवला. ग्राइंडर चालू, ठिणग्या उडतायत. फोरमननं पाहिलं आणि धावत जाऊन मशीन बंद केलं. मुलाला विचारलं तर म्हणाला, "साहेब, ड्रमवर इनफ्लेमेबल लिहिलंय, म्हणजे पेट न घेणारं ना?" 'इनॲक्टिव्ह' म्हणजे चालू नसलेलं, 'इनकम्प्लीट' म्हणजे पूर्ण नसलेलं, मग 'इनफ्लेमेबल'? त्याचं तर्कशास्त्र बरोबर होतं, शब्दानं दगा दिला. त्यातला 'इन' नकाराचा नाही, 'इनफ्लेम' म्हणजे पेटवणं यातला आहे. याच भीतीनं अमेरिकेतल्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशननं १९२०च्या दशकातच 'फ्लेमेबल' वापरा असा आग्रह धरला होता. आपल्या रस्त्यांवरच्या टँकरच्या पाठीवर 'हायली इनफ्लेमेबल' अजून दिसतं. आमच्या ड्रमांवर मी स्वतः मराठीत 'पेट घेतो' असं रंगवून घेतलं. दोन शब्द, त्यात एक क्रियापद.

निळी छत्री

वाचनखूण साठवली!

आडवाट, 'जेपर्डी' आणि 'हॅझर्ड'चंही लिहा ना. दोन्ही खेळातून आलेत ना?

आडवाट

हो. 'जेपर्डी' जुन्या फ्रेंचमधून, मूळ अर्थ 'वाटला गेलेला खेळ', म्हणजे दोन्ही बाजूंना सारखीच संधी आहे असा डाव. 'हॅझर्ड' हा फाशांचा जुगार होता आणि फाशासाठीच्या एका अरबी शब्दाकडे त्याचं मूळ दाखवतात. 'पेरिल'चं लॅटिन मूळ म्हणजे करून बघणं, परीक्षा. एक्सपेरिमेंट, एक्सपिरियन्स, एक्सपर्ट ही त्याचीच भावंडं. आणि 'डिझास्टर'मध्ये 'ॲस्टर' म्हणजे तारा. आपण 'ग्रह फिरले' म्हणतो, तेच.

आपल्या 'संकट'चा संस्कृतातला अर्थ 'अरुंद' असा आहे. इंग्रजीतही अडचणीत सापडलेला माणूस 'डायर स्ट्रेट्स'मध्ये असतो, आणि 'स्ट्रेट' म्हणजे अरुंद जागा. दोन्ही भाषांना संकट हे वाट निमुळती होत जाण्यासारखं वाटलं.

परदेशी पाऊस

अरुंदवरून आठवलं, 'अँग्झायटी', 'अँग्विश' आणि आम्हा डॉक्टरांचा 'अंजायना' (हृदयामुळे छातीत दुखणं) यांच्यातही आवळण्याचाच अर्थ आहे. पेशंट येऊन मराठीत 'छाती आवळल्यासारखी वाटते' म्हणतो, तेव्हा तो शब्दशः तेच सांगत असतो.

मी इंग्लंडमध्ये डॉक्टर आहे. इथं 'सिनिस्टर' रोजच्या वापरात आहे, आणि तोही धीर देण्यासाठी. स्कॅन चांगला आला की आम्ही म्हणतो, 'नथिंग सिनिस्टर'. कॅन्सर हा शब्द तोंडातून काढायचा नसतो, पण पेशंटच्या मनात तोच असतो हे दोघांनाही माहीत असतं. कोरा कागद यांनी म्हटलंय तसं, झाकलेला हेतू. गाठ वरून साधी दिसते, आत काय आहे त्याची शंका.

भारतातून मुलाकडे आलेल्या एका काकूंचा रिपोर्ट मी मराठीत समजावून सांगत होतो. 'सिनिस्टर' शब्दाशी आलो आणि अर्धा सेकंद थांबलो. तेवढ्यात त्यांनी पर्स घट्ट धरली. मी म्हणालो, "काकू, वावगं काही दिसत नाही." पर्सवरचे हात सैल झाले. 'वावगं' शब्द माझ्या आजीचा, तीस वर्षांत मी वापरला नव्हता. 'सिनिस्टर'ला तो प्रत्येक वेळी चालणार नाही, पण तिथं चपखल बसला.

निळी छत्री

मी कॉलेजात आहे. आम्ही चांगल्याला 'डेंजर' म्हणतो. "काय डेंजर बॅटिंग केली!" 'खतरनाक'ही तसंच. आई रागावते की शब्दांचा जीव काढता. पण इंग्रजीत 'टेरिफिक' आधी घाबरवणारं होतं आणि आता शाबासकी आहे. 'ऑफुल' उलटीकडे गेला, धाक वाटावा असं भव्य ते नुसतं वाईट. आणि आईसुद्धा 'भयंकर आवडलं' म्हणतेच.

आणखी एक. 'धोका' हिंदीत विश्वासघात असतो. मराठीत तो संकटाचा शब्द, विश्वासघाताला आपला 'दगा' आहे. माझे मित्र आता मराठी बोलतानाही 'तिनं धोका दिला' म्हणतात. ते मला खटकतं.

जुना फळा

चर्चा वाचली. मराठी शिकवण्यात चौतीस वर्षं गेली, म्हणून एक गोष्ट ठामपणे सांगतो. कोरा कागद, तुम्ही विशेषण शोधताय आणि तिथंच अडकलाय.

इंग्रजी धोका विशेषणात ठेवते. म्हणून तिच्याकडे तशी विशेषणं ढीगभर आहेत. मराठी धोका क्रियापदात ठेवते, आणि अंगात. मनात पाल चुकचुकते. काळजात धस्स होतं. पायाखालची जमीन सरकते. वैरी टपून बसतो, दबा धरतो, पाळत ठेवतो. संकट घोंघावतं. 'समथिंग सिनिस्टर'ला आपण म्हणतो 'काहीतरी शिजतंय', 'कुठंतरी पाणी मुरतंय'. यात एकही विशेषण नाही. 'काही खरं नाही' यात तर धोक्याचा शब्दच नाही, आणि गावाकडे म्हातारं माणूस आभाळाकडे बघून तेवढंच म्हणालं तरी खळ्यावरचं धान्य झाकायला घर धावतं.

वर 'तिसरी पाळी' यांनी ड्रमवर 'पेट घेतो' लिहिलं. त्यांना हे आपसूक सुचलं कारण ते मराठीत विचार करतात.

नाम म्हणाल तर मात्र आपण श्रीमंत आहोत. एका माणसाचं दुसऱ्यावर जे दडपण असतं त्याचे किती प्रकार! वडिलांचा धाक. नावलौकिकाचा दरारा, जो माणूस समोर नसतानाही चालतो. डोळ्यांतली आणि आवाजातली जरब. शिक्षेचा वचक. गुंडाची दहशत. यांची अदलाबदल करून बघा, जमणार नाही. शिक्षकाची दहशत असेल तर तो शिक्षक नव्हे. इंग्रजीत या पाचांना वेगवेगळं करायला मला दमछाक होते. आणि युद्धाचं, दुष्काळाचं, रोगाचं ते सावट. 'सावट' शब्दाला इंग्रजीत सावलीचीच मदत घ्यावी लागते.

तेव्हा तुमच्या त्या माणसाला 'जरब' लावून बघा.

कोरा कागद

सर, मनापासून आभार. तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला, मग फाइल उघडून बसले.

आधी जरब लावून पाहिली. "तो नम्रपणे बोलत होता, पण आवाजाला जरब होती." वाक्य उभं राहतं, पण माणूस बदलतो. जरब असलेला माणूस मला फौजदार किंवा मुख्याध्यापक दिसतो, त्याला ती शोभते. हा माणूस तसा नाही. त्याला कसला अधिकारच नाही, आणि म्हणून तर तो दाराशी बसलाय. 'दहशत' आरडाओरड्याची. 'धाक' घरातला. पाचही नामं लावून झाली, पाचही गळून पडली.

मग सरांचं पहिलं म्हणणं धरलं, की धोका अंगात ठेव. तो कसा होता हे सांगायचंच नाही, तिला काय झालं ते सांगायचं. आता असं केलंय:

"टोपी मांडीवर ठेवून तो अदबीनं बसला. 'घाई काही नाही, मॅडम.' मागच्या दाराची कडी आपण लावली होती का, हे ती आठवू लागली."

आडवाट

सुंदर. पण एक शंका आहे आणि ती मी गंभीरपणे विचारतो. मूळ लेखकानं कडी लिहिलेली नाही. अनुवादकानं नवी कृती घालणं कितपत रास्त? मेनेसिंग शब्द त्याचा आहे, कडी तुमची.

कोरा कागद

हा प्रश्न मलाही छळत होता. कडी माझी नाही. दोन परिच्छेद आधी, गाडीचा आवाज आल्यावर, ती स्वयंपाकघराचं दार लावते असं मूळातच आहे, आणि शेवटी तो माणूस त्याच दारातून बाहेर जातो. मी ते दार मधल्या एका जागी तिला आठवायला लावलंय, इतकंच. तरी लेखकाच्या प्रतिनिधींकडून परवानगी मागणार आहे. नाही म्हणाले तर "त्याच्या नम्रतेनं तिच्या काळजात धस्स झालं" असं साधं ठेवीन. ते तितकं चांगलं नाही, पण खोटंही नाही.

बाकीची तीनही बदलली. जंगलातली वाट आता 'भयाण' आहे, वकिलाच्या पत्रात 'पाणी मुरतंय', आणि वादळाच्या प्रकरणात म्हातारा कोळी म्हणतो, "चिन्हं बरी नाहीत." खाडीकाठ, तुमच्या वडिलांना सांगा.

खाडीकाठ

सांगितलं. त्यांनी तुमचं ते तीन ओळींचं माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. म्हणाले, 'अदबीनं' काढ. तो नुसता बसला म्हण.

कोरा कागद

काढलं.